एकोणतीस, सहा, चौदा

चाकणच्या पुढे, म्हाळुंग्याच्या अंगाला,
पत्र्याच्या एकाच छपराखाली
एक्केचाळीस हजार सहाशे कप्पे.
मी तीनशे चौऱ्याऐंशी मोजायला आले होते.

साकोरेकाकांनी यादी घेतली,
उलटी करून पाहिली, मागे काही आहे का म्हणून.
"बास? एवढेच?"
बावीस मार्चअखेर त्यांनी या गोदामात काढलेत,
बावीस वेळा सगळंच्या सगळं मोजलंय,
चार दिवस गेट बंद, वीस पोरं, कानांवर पेन्सिली,
आणि पाचव्या पहाटे पेंगुळल्या हातानं लिहिलेला
एक आकडा, जो एकदाही जुळला नाही.
हे शेवटचं ते बोलले नाहीत.
मी जुन्या वह्यांत वाचलं होतं.

"निवडले कुणी हे?"
कुणीच नाही, म्हटलं. यदृच्छेनं आलेत.
म्हणजे तिच्यात माझी इच्छा नाही,
तुमची नाही, मालकांची तर नाहीच नाही.
"मग देवाची?"
त्याचीही धरलेली नाही, काका.
ते हसले. पण यादी घडी घालून
खिशात ठेवली ती वरच्या, चष्म्याच्या.

महागाची बेअरिंगं सगळी मोजली, एकूण एक;
तिथे नशिबाला वाव नाही.
वॉशर, नळ्या, गॅस्केटं, हजारोंनी पडलेला हलका माल,
त्यातून तेवढे चिठ्ठीतले.
रात्री दीडला तीनशे त्र्याऐंशी झाले.
उरला एक. रांग एकोणतीस, मजला सहा, कप्पा चौदा.
आणि तेव्हाच उचलगाडीची बॅटरी बसली.

रियाज तांबोळीनं ती चार्जरला लावली,
"दोन तास," म्हणाला,
आणि पुठ्ठा अंथरून तिथेच झोपला.

"खालचा मोजा की," काका म्हणाले.
"हा बघा, हाताशी आहे. तोच माल, तीच तारीख,
एका ट्रकमधून उतरलेले सख्खे भाऊ."
नाही चालणार.
"एकानं काय होतंय?"
जो हाताशी असतो ना काका,
तो हाताशी असल्यामुळेच वेगळा असतो.
येता-जाता लोक त्याच्यातूनच काढतात,
येता-जाता त्याच्यातच टाकतात.

बराच वेळ नुसता चार्जरचा हुंकार.
मग ते म्हणाले, आमचा म्हातारा
चाकणच्या मार्केटात कांद्याची पोती वाहायचा.
तोंडावरचा कांदा देखणा असतो, सांगायचा,
तो मांडलेला असतो.
पोतं मधून उसव, मग बोल.

थर्मासमधला चहा आम्ही झाकणातून प्यायलो.
बाहेर तळेगावच्या रस्त्यावर कंटेनर
एकामागून एक अंधार ओढत नेत होते.

पावणेचारला रियाज वर गेला.
धुळीनं पांढरा झालेला खोका खाली आला.
वहीत एकशे बारा.
काकांनी मोजायला घेतले, ओठ हलवत,
दहा-दहांच्या चवडी लावत,
बारावी चवड अर्धवट, दोनच.
एकशे बारा.

"बघा," ते म्हणाले, "दोन तास फुकट गेले."
पण खोका परत चिकटवताना
त्यांनी टेप दोनदा फिरवली,
चुरगळू नये म्हणून अंगठ्यानं दाबत.

मी लॅपटॉप मिटला तेव्हा त्यांनी विचारलं,
हळूच, कुणाच्या तरी वतीनं विचारावं तसं:
"आणि जे कप्पे तुमच्या यादीत आलेच नाहीत, ते?"
म्हटलं, अहवाल त्यांच्याबद्दलच आहे, काका.
मोजलेल्यांबद्दल काय सांगायचं, ते तर मोजलेत.
न मोजलेल्यांबद्दल किती खात्रीनं बोलता येतं
आणि किती चुकू शकतं, वर किती, खाली किती,
तेवढंच लिहायचंय.

ते काही बोलले नाहीत.
गेटवर सही करून मागे वळून पाहिलं
तर रांग आठच्या तोंडाशी टॉर्च पेटलेला,
काका उकिडवे बसून
यादीत नसलेला एक डबा मोजत होते.
मी हाक मारली नाही.
मोजणाऱ्याला मध्येच हाक मारली
की त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.